उंदरांची पेढी आणि हावरे मूल

दवाखाना थाटून मला तीन-चार वर्षे झाली असतील. शेजारच्या तालुक्यातून एक बाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. जन्मतः मूल चारचौघांसारखे, पण चौथ्या महिन्यापासून वजन वाढू लागले ते थांबेना. "डॉक्टरसाहेब, खायला दिलं नाही तर खाली सांडलेलं वेचून खाते हो," बाई सांगत होत्या. मी काय केले? वजनाचा तक्ता पुढे धरला आणि बाईंनाच फैलावर घेतले. लाड करून पोरीला बिघडवलेत, असे म्हणालो. बाई काही बोलल्या नाहीत. पुन्हा आल्याही नाहीत.

त्या दिवशी मी चुकलो असण्याचा बराच संभव आहे. हे मला कळले ते उंदरांमुळे. आजचा लेख त्या उंदरांवर.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी १९२९ साली क्लॅरेन्स कुक लिटल या शास्त्रज्ञाने जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. तेथे संशोधन तर चालतेच; शिवाय ती उंदरांची मोठी पेढीच आहे. जगभरचे संशोधक तेथून हव्या त्या वाणाचे उंदीर मागवतात. वाचक म्हणतील, उंदरांची काय वाण आहे? आमच्या कोठारात या! पण शेतकऱ्याला हे लगेच पटेल. दोन खतांची तुलना करायची तर दोन्ही वाफ्यांत एकाच जातीचे शुद्ध बियाणे लागते. बियाणे सरमिसळ असेल तर फरक खताचा की बियाण्याचा, हे कळणार कसे? उंदरांचेही तसेच. सख्ख्या भावंडांच्या जोड्या सलग वीस पिढ्या लावल्या, की एका वाणातले सर्व उंदीर जुळ्या भावंडांसारखे सारखे होतात. असा पहिला वाण लिटल यांनी १९०९ साली सुरू केला. पुढच्या एका प्रसिद्ध वाणाचे मूळ उंदीर मॅसॅच्युसेट्समध्ये हौशी लोकांसाठी उंदीर पाळून विकणाऱ्या अ‍ॅबी लॅथ्रॉप या बाईंकडचे. त्या वाणाचा संपूर्ण जनुकीय नकाशा २००२ साली प्रसिद्ध झाला.

१९४७ च्या ऑक्टोबरात त्या बेटावर वणवा लागला. प्रयोगशाळेचा बराच भाग जळाला, बहुतेक सगळे उंदीर मेले. पण आधी ज्यांना ज्यांना उंदीर पाठवले होते, त्यांनी आपापल्याकडच्या जोड्या परत पाठवल्या आणि वाण पुन्हा उभे राहिले. आज पेढीत कितीतरी वाणांचे गर्भ आणि शुक्रजंतू द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून ठेवतात. आग हे एक कारण. दुसरे म्हणजे पिढ्यान् पिढ्या पैदास करताना वाणात नकळत लहानसहान बदल साचतात, तेव्हा मूळ नमुना हाताशी असलेला बरा. आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशाच रीतीने पेशींचे नमुने जतन करून संशोधकांना पुरवते.

आता मूळ मुद्दा. वणव्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, तेथल्या एका पिंजऱ्यात काही पिल्ले विलक्षण लठ्ठ निघाली. सतत खात. पुढे साठच्या दशकात लठ्ठ आणि मधुमेही उंदरांचा आणखी एक वाण सापडला. डग्लस कोलमन या तेथल्याच शास्त्रज्ञाने दोन-दोन उंदरांची शरीरे शस्त्रक्रियेने जोडली, म्हणजे एकाचे रक्त दुसऱ्यात जावे. पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तर लठ्ठाचे खाणे कमी झाले. दुसऱ्या वाणाचा जोडला, तर मात्र निरोगी उंदीरच अन्न सोडून उपाशी मेला! कोलमन यांनी अर्थ लावला तो असा: 'पोट भरले' असा निरोप रक्तातून मेंदूला जातो. पहिल्या वाणात निरोपच तयार होत नाही. दुसऱ्यात निरोप भरपूर, पण तो ऐकणारा कान बहिरा. पुष्कळांना हे पटले नाही. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने त्या निरोपाचे जनुक शोधून काढले. चरबीतून पाझरणाऱ्या या संप्रेरकाला लेप्टिन म्हणतात.

१९९७ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दोन चुलत-मावस नात्यातली मुले पाहिली. आठ वर्षांची मुलगी ८६ किलो, दोन वर्षांचा मुलगा २९ किलो. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हते. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर मुलीची भूक आवरली आणि वजन उतरू लागले. ती मुलगी हावरट नव्हती, भुकेली होती.

लगेच लेप्टिनची चिठ्ठी मागायला येऊ नका. तुमच्या-आमच्या सुटलेल्या पोटात लेप्टिन कमी नसते, उलट जास्तच असते. आपली गत थोडीफार दुसऱ्या वाणासारखी. म्हणून ते औषध सर्वसाधारण लठ्ठपणावर चालले नाही. तेथे चालणे आणि ताटातला चौथा लाडू नाकारणे, हेच आधी.

पण पहिल्या वर्षातच वजन बेसुमार वाढू लागले, भूक काही केल्या शमत नसेल, भावंडांतही तसेच असेल, तर आईला बोल लावू नका. मूल बालरोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉईड वगैरे तपासून जरूर वाटल्यास ते संप्रेरकतज्ज्ञांकडे पाठवतील. आता जनुकांची तपासणीही होते. आईवडील नात्यातले असतील तर ते आवर्जून सांगा. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आणि हा दोष आई व वडील दोघांकडूनही आला तरच मुलात प्रकटतो.

त्या बाईंना मी नात्यात लग्न झाले का, एवढेही विचारले नव्हते. ती मुलगी आता तिशीच्या घरात असेल. जुन्या वहीत तिचे नाव आणि वजन आहे, गाव लिहिलेले नाही.