जखम खांद्याला की पायाला?

दोस्तांनो, एखादी मालिका तुम्ही अधाशासारखी वाचता आणि खुद्द लेखकच मागचं विसरतो, तेव्हा कसली चिडचिड होते ना! शेरलॉक होम्सच्या गोष्टीच घ्या. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत डॉ. वॉटसनला अफगाणिस्तानात गोळी लागते ती खांद्याला. १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत तीच जखम पायाला! १८९१ च्या एका कथेत तर वॉटसनची बायकोच जॉनला ‘जेम्स’ म्हणते. आता बोला!

हे एकवेळ चालेल. पण १८९३ मध्ये लेखक आर्थर कॉनन डॉईल यांनी होम्सलाच स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात लोटून दिलं. का, तर त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या! वाचक भडकले. एका बाईंनी पत्राची सुरुवातच शिवीनं केली, असं डॉईल यांनीच आत्मचरित्रात सांगितलंय.

शेवटी १९०३ मध्ये होम्स परतला. म्हणे, तो पडलाच नव्हता! वॉटसन बिचारा बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर रागावलासुद्धा नाही. मला मात्र अजून राग येतो. गोष्टीतली तीन वर्षं जिवलग मित्राला मेल्याचं सोंग दाखवायचं, साधं पत्रही टाकायचं नाही? तुम्ही वॉटसनच्या जागी असता, तर त्याला घरात घेतलं असतं का?