खेळण्यातील बॅटरी आणि यत्नाचार

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचे गाव. कचनेर येथील श्री चिंतामणी पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन, वेरूळची जैन लेणी पाहून अजिंठ्याकडे निघालेली अनेक श्रावक कुटुंबे येथे थांबतात. फर्दापूरच्या तिठ्यावर खाजगी वाहने उभी करावी लागतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटरचे अंतर राज्य परिवहन महामंडळाच्या बसने जावे लागते. लेण्यांतील चित्रांना धुराचा उपसर्ग होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

मोठ्या वाहनांबाबत एवढी दक्षता पाळली जाते, त्या ठिकाणी एक छोटे वाहन मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे मागच्या आसनावर मुलांच्या पिशवीत राहून गेलेली, रिमोटवर चालणारी मोटार. दुपारभर ती बंद गाडीत तापते. सायंकाळी मुक्कामाच्या खोलीवर पोहोचताच मुले तिची बॅटरी पलंगाशेजारच्या सॉकेटला लावतात. दिवसभराच्या प्रवासाने थकलेली वडीलधारी मंडळी झोपी जातात आणि बॅटरी रात्रभर तशीच राहते. प्रवासातले हे दृश्य घरोघरी, विशेषतः सुट्ट्यांच्या दिवसांत, नित्याचेच झाले आहे.

सप्टेंबर 2022 मध्ये वसई येथे एका घराच्या दिवाणखान्यात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. तेथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांतच त्याचे निधन झाले. स्कूटरच्या बॅटरीच्या मानाने खेळण्यातील बॅटरी अगदी लहान असते. 7.4 व्होल्ट आणि 1500 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम 11 वॉट-तास ऊर्जा मावते. स्कूटरच्या बॅटरीत साधारणतः त्याच्या शंभरपट वा अधिक असते. परंतु लिथियमच्या या दोन्ही बॅटऱ्यांचा स्वभाव एकच आहे, आणि गादीला किंवा पडद्याला पेटवण्यास 11 वॉट-तास पुरेसे आहेत.

बॅटरीचे दोन प्रकार

या मोटारींत मुख्यतः दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. पहिला प्रकार निकेल-मेटल हायड्राइडचा. त्यातील प्रत्येक सेल 1.2 व्होल्टचा असून सहा सेलची 7.2 व्होल्टची बॅटरी सर्रास आढळते. हा प्रकार तुलनेने सोशिक आहे. तरीही मर्यादेपलीकडे चार्ज केल्यास तो तापतो व त्याचे आयुष्य घटते.

दुसरा प्रकार लिथियमचा. 1991 साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि तिच्या जडणघडणीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचेच पातळ पिशवीसारखे रूप म्हणजे लिथियम-पॉलिमर, मुलांच्या भाषेत ‘लायपो’. हलकी आणि जोरकस असल्याने वेगवान मोटारींत तीच वापरतात. तिच्या सेलचा नाममात्र दाब 3.7 व्होल्ट असतो. पूर्ण भरल्यावर तो 4.2 व्होल्टपर्यंत जातो आणि तेथे थांबलेच पाहिजे. पुढे रेटल्यास आतील द्रवाचे विघटन होऊन वायू तयार होतो, बॅटरी फुगते, दोन ध्रुवांमधील पातळ पडदा निकामी होतो आणि उष्णता स्वतःच स्वतःला वाढवू लागते. त्यानंतर प्लग काढूनही ती थांबत नाही. उलट, सेल 3 व्होल्टच्या खाली रिकामा करणे हेही घातक. खात्यात शिल्लक नसताना उचल करीत राहिल्यास खाते बुडीत निघते, तसाच हा प्रकार. मोटार मंदावू लागली की खेळ थांबवावा.

चार्जिंगची शिस्त

पहिला नियम चार्जरचा. खेळण्यासोबत आलेलाच चार्जर वापरावा. अनेक प्रकारच्या बॅटऱ्यांसाठी एकच चार्जर असेल, तर त्यावर बॅटरीचा प्रकार व सेलची संख्या अचूक निवडावी. लिथियमची बॅटरी निकेलच्या खुणेवर लावणे ही सर्वांत धोकादायक चूक होय. कारण निकेलचा चार्जर 4.2 व्होल्टला थांबत नाही, तो बॅटरीचा दाब किंचित उतरण्याची वाट पाहत राहतो. एकाहून अधिक सेलच्या लिथियम बॅटरीला जाड तारांखेरीज बारीक तारांचा एक पांढरा जोड असतो. त्याद्वारे प्रत्येक सेल सारखा भरला जातो की नाही, हे चार्जर तपासतो. तो जोड लावल्याखेरीज चार्जिंग सुरू करू नये.

दुसरा नियम वेगाचा. निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल तर बॅटरी एका तासात भरेल एवढाच प्रवाह द्यावा, म्हणजे 1500 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला दीड अँपिअर. त्याहून कमी चालेल, अधिक नको.

तिसरा नियम उष्णतेचा. नुकतीच धावलेली बॅटरी हाताला कोमट लागते. ती पूर्ण निवल्यावरच चार्ज करावी. लिथियम बॅटरी 45 अंशांहून अधिक तापमानात चार्ज करू नये, असे निर्माते सामान्यतः सांगतात. मे महिन्यात या भागात पारा 40 च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत 50 अंशही सहज ओलांडले जातात. म्हणून फर्दापूरला गाडी उभी करताना बॅटरी मागे ठेवू नये. ती मोटारीतून काढून, तिची टोके झाकून, हातपिशवीत सोबत घ्यावी.

चौथा नियम जागेचा. ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून जवळजवळ दोन दशके अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढल्या. त्यांतील बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. एका माणसाच्या आयुष्यभराचे श्रम काही तासांत गेले. अग्नी लहान होता की मोठा, यापेक्षा त्याच्या भोवती काय होते यावर हानी ठरते. म्हणून बॅटरी पलंग, गादी, सतरंजी, पुस्तके व पडदे यांपासून दूर, उघड्या फरशीवर चार्ज करावी. स्वयंपाकघरातील गॅसजवळ किंवा बाहेर पडण्याच्या दाराशी ती ठेवू नये. मोठे माणूस जागे आणि समोर असतानाच चार्जिंग करावे. रात्री निजताना किंवा देवदर्शनास बाहेर पडताना प्लग काढलेला असावा.

बिघाड आणि विल्हेवाट

फुगलेली, चेपलेली, गोडसर उग्र वास येणारी बॅटरी पुन्हा वापरू नये. तिला टोचून वायू काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. धूर दिसताच मुलांना बाहेर न्यावे. तो धूर विषारी असतो. शक्य असल्यास मुख्य स्विच बंद करावा आणि 101 किंवा 112 वर कळवावे.

निकामी बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी. घंटागाडीत टाकलेली बॅटरी चेपली जाऊन पेटू शकते आणि तेथे हात भाजतो तो सफाई कामगाराचा. केंद्र शासनाच्या 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर असून, त्या घरच्या इतर कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे.

समितीचा संस्कार

जैन आचारात पाच समिती सांगितल्या आहेत. वस्तू उचलताना व ठेवताना दक्षता बाळगणे ही आदान-निक्षेपण समिती. टाकाऊ पदार्थ जीवांना बाधा होणार नाही अशा जागी टाकणे ही उत्सर्ग समिती. त्या मुख्यतः मुनींसाठी असल्या, तरी श्रावकाच्या घरातील बॅटरी कोठे ठेवावी आणि कोठे टाकावी, याचे उत्तर त्यांत मिळते. तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे मूळ प्रमादात दाखवले आहे. रात्रभर विसरलेला प्लग हा असाच प्रमाद. त्यातून उठणारी आग माणसांना भाजते, घरातील कीटकांचा घात करते आणि स्वतः अग्निकायिक जीवांच्या हिंसेचेही निमित्त ठरते.

मुलांच्या हातून खेळणे काढून घेण्याची आवश्यकता नाही. पाणी गाळून पिण्यामागील कारण जसे आजी नातवंडांना समजावते, तसेच बॅटरीचे व्होल्ट वाचणे, ती फरशीवर ठेवणे आणि भरताच प्लग काढणे हेही त्यांना शिकवावे. वयाच्या दहाव्या वर्षी ही सवय लागलेले मूल पुढे स्वतःच्या घरी ई-स्कूटर चार्ज करील, तेव्हा शेजारच्या खोलीत त्याचे आईवडील निजलेले असतील.