टीबीच्या गोळ्या आणि चढणारी शुगर

गैरसमज : टीबी गरिबाघरचा, मधुमेह खात्यापित्या घरचा.

वस्तुस्थिती : मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि फुप्फुसात वर्षानुवर्षं निपचित असलेला क्षयाचा जंतू उचल खातो. मधुमेह असलेल्याला टीबीचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. आपल्या देशात मधुमेही 10 कोटींहून जास्त, आणि जगातल्या टीबीरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश इथलेच. तेव्हा दोन्ही आजार एकाच माणसात भेटणारच. म्हणून टीबीचं निदान झालं की सरकारी कार्यक्रमात शुगरही तपासतात. मधुमेहींच्या बाजूने मात्र अशी सावधगिरी कमी दिसते. वजन उतरलं की ‘शुगरमुळेच असेल’ म्हणून विषय मिटतो. दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम यांपैकी काहीही सोबत असेल तर बेडका तपासायलाच हवा.

गैरसमज : टीबीच्या गोळ्या ‘गरम’ पडतात, शुगर वाढवतात, शुगर उतरेपर्यंत त्या थांबवाव्यात.

वस्तुस्थिती : शुगर वाढते हे रुग्णाचं निरीक्षण बरोबर असतं, निष्कर्ष घातक. एक तर टीबीच्या संसर्गानेच साखर चढते. दुसरं कारण रिफाम्पिसिन, म्हणजे लघवी नारिंगी करणारं औषध. ते यकृताला इतर औषधांचा निचरा झपाट्याने करायला लावतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या शुगरच्या गोळ्या मग नेहमीच्याच डोसात अपुऱ्या पडतात. रुग्ण पथ्य पाळत असतो, तरी आकडा चढतो आणि घरात बोलणी त्यालाच बसतात! इथे बदलायचा तो शुगरच्या औषधाचा डोस. काही महिने इन्सुलिनही लागू शकतं, पण ते सुरू झालं म्हणजे जन्माचं मागे लागलं असं नाही. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. आणि शुगर आटोक्यात नसेल तर टीबी उलटण्याचा धोकाही वाढतो.

गैरसमज : पायाला मुंग्या येतात त्या शुगरच्या, त्यात नवं काय?

वस्तुस्थिती : टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिड या औषधामुळे शरीरातलं बी-6 जीवनसत्त्व कमी होतं, त्यानेही मुंग्या येतात. त्यासाठी पायरिडॉक्सिनची साधी गोळी मिळते. मुंग्या वाढल्या तर डॉक्टरांना सांगावं.

गैरसमज : टीबीला भरपूर खाऊ घालायचं, शुगरला उपाशी ठेवायचं, दोन्ही कसं जमणार?

वस्तुस्थिती : उपाशी कुणालाच ठेवायचं नसतं. अंडी, डाळी, उसळी, शेंगदाणे, दही दोन्ही आजारांत चालतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. कमी करायचं ते साखर-गूळ आणि ताटातला भाताचा डोंगर. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असताना दरमहा 1000 रुपये मिळतात, ते ‘ताकदीच्या’ गोड पावडरींवर घालवू नयेत.

गैरसमज : टीबीचा कोर्स संपला, आता शुगरचं आहे तसं चालू ठेवायचं.

वस्तुस्थिती : रिफाम्पिसिन थांबल्यावर साधारण दोन आठवड्यांत यकृत पूर्ववत होतं. मग वाढवलेला डोस भारी पडतो आणि साखर एकदम खाली येऊ शकते. कोर्स संपताच शुगरच्या डॉक्टरांकडे जाऊन डोस तपासून घ्यावा. त्या दिवसांत थरथर, घाम, चक्कर आली तर ‘टीबीचा अशक्तपणा’ समजून पडून राहू नये. शुगर मोजावी, यंत्र हाताशी नसेल तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी.