परिचारिकांचा जोडधंदा : कोणता धरावा, कोणता टाळावा

पाळी म्हणजे काय, हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. एके काळी हे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठे आणि भोंग्यावरच कामाला लागे. जुन्या गिरण्यांचे भोंगे थांबले, पण पाळी संपली नाही. ती आता रुग्णालयांत चालते. आपण ज्याला अजूनही 'सिव्हिल' म्हणतो, त्या मोठ्या सरकारी रुग्णालयापासून गल्लीतील दहा खाटांच्या प्रसूतिगृहापर्यंत दिवसपाळी व रात्रपाळी करणाऱ्या ज्या भगिनी आहेत, त्यांना आपण 'सिस्टर' अशी हाक मारतो. महिनाअखेर ह्यांतील अनेकींपुढे एकच प्रश्न उभा राहतो : पगाराला जोड कशाची द्यावी? त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न सर्व परिचारिकांचा सारखा नाही. सरकारी वेतनश्रेणीतील सिस्टर आणि लहान खाजगी रुग्णालयातील सिस्टर यांच्या पगारांत मोठे अंतर असते. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास सांगितले. दोनशेहून अधिक खाटा असल्यास पगार राज्य सरकारच्या बरोबरीचा असावा, आणि पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयातही तो दरमहा २०,००० रुपयांखाली नसावा, असे त्या समितीने सुचविले. पण शिफारस म्हणजे पगार नव्हे. जोडधंद्याचा विचार येतो तो ह्या अंतरातून.

परंतु कोणताही धंदा हाती घेण्यापूर्वी तो तीन कसोट्यांवर घासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

पहिली कसोटी झोपेची. रात्रपाळी करून आलेल्या बाईने दुपारभर शिवणयंत्र चालविले, तर तिचे डोळे दुसऱ्या रात्री औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरांवर ठरणार कसे? जो धंदा झोप खातो, तो अखेर रुग्णाच्या जिवाशी खेळतो.

दुसरी कसोटी नियमांची. सरकारी सेवेतील परिचारिकेला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. पूर्वपरवानगीवाचून तिला खाजगी व्यापार किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. 'यजमानांच्या नावावर करू' ही पळवाट सुचविणारे पुष्कळ भेटतात. पण घरातील कोणी धंदा करीत असेल तर तेही कळवावे लागते. खाजगी नोकरीतील भगिनींनी आपले नेमणूकपत्र एकदा नीट वाचावे.

तिसरी कसोटी विश्वासाची. खाटेवरचा रुग्ण सिस्टरला 'नाही' म्हणू शकत नाही. म्हणून आपल्याच वॉर्डातील रुग्णाला काहीही विकू नये. शक्तिवर्धक पावडरींचे डबे विकावयाचे आणि पुढे आणखी विक्रेते जोडावयाचे, असल्या साखळी योजनांना परिचारिका फार हव्या असतात, कारण तिच्या शब्दाला किंमत असते. पुढच्याला जोडण्यावरच ज्यांची कमाई चालते, अशा योजनांना २०२१ च्या थेट विक्रीसंबंधीच्या नियमांनी मनाई केली आहे. नियम नसता, तरी आम्ही त्या टाळाव्यात असेच म्हटले असते.

आता प्रत्यक्ष धंदे पाहू. सोलापुरात पहिला विचार कापडाचाच सुचतो, आणि तो वावगा नाही. चादर व टॉवेल ही तर आपली ओळखच. शिवाय गणवेश शिवणारे कारखानेही येथे आहेत. अ‍ॅप्रनला खिसा कोठे हवा, कोणते कापड रोजच्या गरम पाण्यात टिकते, हे परिचारिकेइतके कोणास ठाऊक असणार? तिने स्वतः शिवत न बसता माप व नमुना ठरवून द्यावा आणि माल शिवून घ्यावा. मात्र हिशेब तासांचा करावा. समजा, एका अ‍ॅप्रनमागे सर्व खर्च वजा जाता ४० रुपये उरले व महिन्यात ५० नग खपले, तर २,००० रुपये सुटले. पण त्यापायी ४० तास धावपळ झाली असेल, तर तासाला पन्नासच रुपये पडले.

त्याशेजारी शिकवणी ठेवून पाहा. परिचर्येच्या पहिल्या वर्षाला शरीररचना व इंग्रजी संज्ञा खेड्यातून आलेल्या मुलींना जड जातात. समजा, पाच मुली प्रत्येकी ५०० रुपये देतात व महिन्याला २४ तास शिकवावे लागते. तर तासाला शंभराच्या वर पडतात, आणि भांडवल शून्य.

पथ्याचा डबा हाही चांगला धंदा आहे. अक्कलकोट, मंगळवेढा, धाराशिव, इतकेच काय, विजापूरकडूनही रुग्ण सोलापुरात येतात. त्यांना कमी मिठाचे, कमी तेलाचे जेवण सहज मिळत नाही. मात्र पहाटेचा स्वयंपाक आणि रात्रपाळी यांचे जमत नाही. म्हणून घरात दुसरे माणूस असेल तरच ह्यात पडावे, अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करावी आणि आपल्या वॉर्डाला डबा देऊ नये.

आमच्या मते सर्वांत मोलाचे काम निराळेच आहे : घरच्या माणसांना शुश्रूषा शिकविणे. पक्षाघाताचा रुग्ण घरी येतो आणि घर गांगरून जाते. त्याला सुमारे दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, चादरीला सुरकुती राहू देऊ नये, टाचा गादीवर दाबल्या जाऊ देऊ नयेत, भरविताना पाठ उंच ठेवावी. एवढे कोणी हाताला धरून शिकविले तरी पाठीवरच्या पुष्कळ जखमा टळतील. दोन-तीन भेटींत हे शिकविता येते व त्याचे मानधन उजळ माथ्याने घेता येते. मर्यादा मात्र ओळखावी. इंजेक्शन वा सलाईन डॉक्टरांच्या लेखी सूचनेवाचून देऊ नये, निदान करू नये, औषधे विकू नयेत. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेवावी; ती तिची खरी पाटी आहे.

ही कल्पना नवी नाही. रमाबाई रानडे यांनी वाढविलेल्या पुण्याच्या सेवासदनात (१९०९) शुश्रूषा आणि शिवण ही दोन्ही शिकविली जात. हाती विद्या असलेली स्त्री कोणाची मिंधी राहत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

शेवटी एक गोष्ट आपणा नागरिकांसाठी. शेजारच्या सिस्टरला आपण रात्री-बेरात्री हाक मारतो, ती येते, पट्टी बदलते, आणि आपण तिला चहा देऊन वाटेला लावतो. वकिलाचा सल्ला आपण फुकट मागत नाही. मग तिचे कसबच फुकट का? जोडधंद्याने तिचा संसार थोडा सावरेल, पण तो वाजवी पगाराची जागा घेऊ शकत नाही. तिच्या मुख्य धंद्याचे मोल आपण नीट चुकते केले, तर तिला जोडधंदा शोधण्याची पाळीच पुष्कळ अंशी येणार नाही.