सातपुड्यातला निधी: बिलगाव ते बियाणे बँक

हवामानबदलाच्या कामाला निधी हवा, हे हल्ली प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरपाड्यांत गेल्या पंचवीस वर्षांत असा पैसा कुठून आला आणि त्यातून काय उभं राहिलं, हे मात्र क्वचितच कुणी मांडतं.

सुरुवात सरकारी योजनेनं झाली नाही. २००० साली नर्मदाकाठच्या डोमखेडीत ओढ्याच्या पाण्यावर दिवे लागले. पुढचा टप्पा मोठा होता. धडगाव तालुक्यातल्या बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचा प्रकल्प जानेवारी २००३ मध्ये सुरू झाला. नर्मदा बचाओ आंदोलनाची साथ, केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे अभियंते आणि परदेशातल्या भारतीयांच्या 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट'ची आर्थिक मदत असा हा मेळ होता. पण बांध घालणं, चारी खणणं, दगड वाहणं ही अंगमेहनत पाड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांनी श्रमदानातून केली. बांधानं अडवलेलं पाणी चारीतून टाकीत, टाकीतून पाइपानं खाली टर्बाइनवर आणि पुन्हा नदीत. धूर नाही, डिझेल नाही. 'स्वदेस' चित्रपटातल्या विजेच्या प्रसंगामागे बिलगावचीच प्रेरणा होती.

मार्च २००६ मध्ये सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत वाढवायला मंजुरी मिळाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात बिलगावचं वीजघर पाण्याखाली गेलं. १४५० मेगावॅट क्षमतेच्या त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. तो मिळवताना गावानं आपल्या हातांनी उभारलेली वीज बुडाली आणि तिचा हिशोब कुणी केला नाही, याचा मला आजही संताप येतो.

पुढची लढाई जंगलाच्या हक्काची होती. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे दिलं. जिल्ह्यात लोकसंघर्ष मोर्चासारख्या संघटनांनी दाव्यांसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पण हक्काचा कागद हाती आला, तरी रोपं, कुंपण, राखणदाराची मजुरी यांचा खर्च कागद भागवत नाही. रोहयोतून मजुरी निघते, पण कामाची मंजुरी आणि बिलं तालुक्याच्या कचेरीतून यायची. तोवर घरटी माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात.

म्हणून २०१५ चा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा कायद्याखाली येणाऱ्या आदिवासी क्षेत्रातल्या गावांना थेट देण्याचं राज्यानं ठरवलं. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, आणि वनीकरण-जलसंधारण-वनउपजीविका यांवर तो खर्चायचा, आणि कशावर किती हे ग्रामसभेनं ठरवायचं. रस्ता, समाजमंदिर यांची मागणी लवकर पुढे येते, पाणी-जंगलाची मागे पडते. तरीही निर्णय गावात होतो, ही गोष्ट लहान नाही.

धडगावातलं बियाण्यांचं काम याहून शांत. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळावर 'बायफ' या संस्थेनं इथे मका आणि ज्वारीची गावठी वाणं जमवायला सुरुवात केली, आणि याहामोगी मातेच्या नावानं शेतकऱ्यांची बियाणे समिती उभी राहिली. उतारावरच्या खडकाळ जमिनीत, पावसानं मध्येच दडी मारली तरी तग धरणारं बी इथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कणगीत जपलंय. समितीच्या बँकेतून ते गरजूंना मिळतं आणि सुगीनंतर वाढवून परत येतं. २०२२ मध्ये राज्यानं अशा स्थानिक वाणांचं जतन करणाऱ्या महाराष्ट्र जनुक कोशासाठी पाच वर्षांकरता १७२ कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. ही मुदत संपली की डबे, साठवणीची खोली, वाण ताजं ठेवायला दरवर्षीची पेरणी आणि नोंदी ठेवणाऱ्या मुलामुलींचं मानधन हा खर्च उरेलच. बिलगावच्या वेळी देणग्या जमल्या, श्रमदान झालं. आता पाच टक्के निधीतला ठरावीक भाग अशा देखभालीसाठी राखायचा ठराव धडगाव-अक्कलकुव्याच्या ग्रामसभांनी मुदत संपण्याआधीच करायला हवा.