‘गाडी किती देते?’ : विद्युत् मोटारीची निवड आणि जुन्या शब्दांचे अर्थ

नवी वस्तू समाजात येते तेव्हा तिच्याबरोबर तिची भाषाही येते असे नाही. बहुधा जुन्या वस्तूची भाषाच काही काळ नव्या वस्तूला पुरवावी लागते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर रेल्वे सुरू झाली, तेव्हा मराठीने तिला ‘आगगाडी’ म्हटले. १९२५ साली मुंबईत विजेवर धावणारी गाडी आली. पुढे वाफेची इंजिनेही नित्याच्या वाहतुकीतून गेली. तरी ‘आगगाडी’ हा शब्द कोशातून आणि बोलण्यातून गेला नाही. त्यामुळे कोणाचे नुकसानही झाले नाही. गाडी कशावर चालते हे जाणून घेण्याची प्रवाशाला गरज नव्हती. तिकीट काढले की त्याचे काम संपे.

विद्युत् मोटारीच्या बाबतीत स्थिती निराळी आहे. येथे वाहनाचा मालक हाच त्याचा चालक आणि हाच त्याच्या ऊर्जेचा भांडारी असतो. जुन्या शब्दांत विचारलेला प्रश्न चुकला, तर उत्तर खरे असूनही उपयोगी पडत नाही आणि दहा-बारा लाख रुपयांचा निर्णय चुकतो. प्रस्तुत लेखात अशा काही शब्दांचा विचार मुरबे व बोईसर-तारापूर या परिसराच्या संदर्भात करावयाचा आहे.

मुरबे हे पालघर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. खाडीच्या पलीकडे सातपाटी. मासेमारी हा या किनाऱ्याचा जुना व्यवसाय, आणि त्याच्या जोडीस तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरी. वीज या परिसराला परकी नाही. तारापूरच्या अणुविद्युत् केंद्रात १९६९ साली व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली, हे सर्वश्रुत आहे. तथापि वीजकेंद्राचा शेजार लाभणे वेगळे आणि स्वतःच्या अंगणात वाहनाला वीज पुरविणे वेगळे.

या गावातील एक कुटुंब उदाहरणादाखल कल्पावे. घरातील मुलगा रोज बोईसरच्या बाजूस कामावर जातो. जाऊन-येऊन अंतर ३० किलोमीटर धरावे. वृद्ध आईला महिना-दोन महिन्यांनी मुंबईस परळच्या रुग्णालयात न्यावे लागते. ते अंतर एका बाजूने सुमारे सव्वाशे किलोमीटर. पेट्रोलची मोटार घ्यावी की विजेची, असा प्रश्न घरात निघाला आहे. मामा, शेजारी, कामावरचे सोबती, सर्वजण पहिल्याने एकच गोष्ट विचारतात : ‘गाडी किती देते?’

या प्रश्नातील ‘देणे’ हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. गाय दूध देते, शेत पीक देते, त्याच चालीवर गाडी ‘ॲव्हरेज’ देते. मूळ इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘सरासरी’ एवढाच. भारतीय भाषांच्या बोलण्यात त्याचा अर्थसंकोच होऊन ‘एका लिटरमध्ये कापलेले किलोमीटर’ असा नेमका अर्थ रूढ झाला. पेट्रोलच्या मोटारीस हा एक आकडा पुरतो. पंप जागोजागी असतात आणि पेट्रोल पाच मिनिटांत भरता येते. म्हणून टाकी किती लिटरची, याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

विद्युत् मोटारीविषयी हाच प्रश्न विचारला की उत्तर मात्र वेगळ्याच गोष्टीचे मिळते. विक्रेता सांगतो, ‘तीनशे बारा देते.’ हा आकडा ‘ॲव्हरेज’चा नव्हे, ‘रेंज’चा असतो, म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीवर कापावयाचे एकूण अंतर, अर्थात् पल्ला. एका मापाविषयी विचारले आणि दुसऱ्या मापाचे उत्तर आले. क्रियापद तेच राहिल्यामुळे हा बदल ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

वरील आकडा काल्पनिक नाही. जानेवारी २०२० मध्ये विक्रीस आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही या मोटारीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती आणि तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. हे प्रमाणपत्र पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेचे. अशा चाचणीच्या आकड्यापुढे माहितीपत्रकात पुष्कळदा ‘एमआयडीसी’ अशी अक्षरे छापलेली असतात. बोईसरच्या माणसाला ही अक्षरे चांगली परिचयाची आहेत. त्याच्या लेखी एमआयडीसी म्हणजे कारखान्यांची वसाहत. माहितीपत्रकातील एमआयडीसी मात्र ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या नावाची आद्याक्षरे होत. प्रयोगशाळेत, ठराविक वेगाने व ठराविक थांब्यांनी वाहन चालवून पाहण्याची ती एक रीत आहे. एकाच उच्चाराखाली दोन अगदी असंबद्ध अर्थ राहावेत, याचे यापेक्षा चांगले स्थानिक उदाहरण सापडणे कठीण. या चाचणीचा हेतू एक मोटार दुसरीशी ताडून पाहण्याचा आहे. वातानुकूलन चालू ठेवून, चार माणसे बसवून, महामार्गाच्या वेगाने जाताना तेवढाच पल्ला मिळेल असे अभिवचन त्यात नसते.

मग विचारावयाचे कसे? मराठी घरात यासाठी एक मोजमाप पूर्वीपासून आहे, ते म्हणजे वीजबिलातील ‘युनिट’. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. म्हणून ३० किलोवॅट-तासांची बॅटरी म्हणजे ३० युनिटांची टाकी असे समजण्यास हरकत नाही. ‘लिटरला किती?’ या प्रश्नाचा खरा प्रतिरूप प्रश्न ‘युनिटला किती?’ हा होय. अशा मध्यम आकाराच्या मोटारीस नित्याच्या वापरात एका युनिटात सुमारे ७ किलोमीटर धरले, तर ३० युनिटांत २१० किलोमीटर होतात. त्यातील काही भाग नेहमी राखीव ठेवावा लागतो. म्हणजे निर्धास्तपणे योजता येईल असा पल्ला १८० किलोमीटरांच्या आसपास राहतो. ३१२ आणि १८० यांमधील अंतर ही सर्वस्वी फसवणूक नव्हे. चाचणीच्या भाषेतील आकडा व्यवहाराच्या भाषेत जसाच्या तसा घेतल्याचा तो परिणाम आहे.

येथे आणखी एक रूढ समजूत उलटी होते. ‘हायवेला ॲव्हरेज वाढते’ हे पेट्रोलच्या मोटारीचे अनुभवसिद्ध वचन होय. विद्युत् मोटारीत बहुधा याच्या विरुद्ध घडते. वाहनाचा वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उलट बाजारपेठेतील संथ, थांबत-चालत होणाऱ्या प्रवासात वेग कमी करताना हीच मोटार जनित्राचे काम करते आणि गतीतील काही ऊर्जा बॅटरीत परत घालते. बोईसरच्या स्थानकाजवळच्या गर्दीत पेट्रोल वाया जाते. वीज तितकी वाया जात नाही. चिल्हार फाट्यावरून राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागल्यावर मात्र युनिटामागे सातांचे साडेपाच किलोमीटर होऊ शकतात. या हिशेबाने परळला पोहोचेपर्यंत ३० पैकी सुमारे २३ युनिटे वाटेतच संपतात. परतीसाठी मोटार कोठे तरी भरावीच लागते. आईला घेऊन रात्री परतताना हे महामार्गावर कळणे आणि घरून निघण्यापूर्वी कळणे, यांतील फरक मोठा आहे.

‘भरणे’ या क्रियेविषयीही असाच विचार करावा लागतो. ‘चार्ज’ हा शब्द मराठीत अनेक वाटांनी आला : अधिकारी पदाचा चार्ज घेतो, बँक चार्ज लावते, पोलीस लाठीचार्ज करतात आणि मोबाइल चार्ज होतो. विद्युत् मोटारीच्या ‘चार्जिंग’मागे यांपैकी मोबाइलचा अनुभव उभा असतो, आणि तो काही अंशी उपकारकच ठरतो. रात्री लावावे आणि सकाळी काढावे, हा क्रम घरातील म्हाताऱ्या माणसांसही ठाऊक असतो. ‘गाडीत चाळीस टक्के आहेत’ असे वाक्य कानांस खटकत नाही, ते यामुळेच.

याउलट ‘टाकी फुल करणे’ ही कल्पना उगीच धास्ती घालते. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगमधून तासाला सुमारे ३ युनिटे मिळतात. म्हणजे ३० युनिटांची बॅटरी तळापासून भरण्यास दहा तासांहून अधिक वेळ लागतो. ‘दहा तास’ हे शब्द ऐकताच अनेक कुटुंबे विचार सोडून देतात. पण रोजच्या ३० किलोमीटरांना सव्वाचार युनिटेच लागतात आणि ती दीड-दोन तासांत भरून निघतात. दररोज तळापासून भरण्याचा प्रसंग येतच नाही. प्रवासात उपयोगी पडणाऱ्या ‘फास्ट चार्जर’ची गोष्ट याहून निराळी. तेथे ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी जलद भरते. पुढे तिला अपाय होऊ नये म्हणून प्रवाह कमी केला जातो. सबब, महामार्गावर ‘फुल’ होण्याची वाट पाहत बसणे हा बहुधा वेळेचा अपव्यय होय.

यानंतर येतो ‘भार’. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा एक उल्लेख असतो. आजवर तो वाचण्याचे कारण फारसे पडत नव्हते. ३ किलोवॅटची मागणी रात्रभर करणारे उपकरण घरात आले की या शब्दाला अर्थ येतो. मंजूर भार पुरेसा आहे का, अर्थिंग नीट आहे का, तार जाड व प्लग योग्य क्षमतेचा आहे का, हे परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून पाहून घ्यावयास हवे. दिव्याच्या प्लगला लांब वायर जोडून गल्लीपलीकडे उभी असलेली मोटार भरणे हा धोक्याचा प्रकार आहे. खाऱ्या हवेत धातूचे सांधे लवकर गंजतात. किनाऱ्यावरील घरात म्हणून ही तपासणी वरचेवर केलेली बरी. गावात घरे दाटीने असतात आणि दाराशी मोटार उभी राहतेच असे नाही. ज्या घराला स्वतःची जागा व स्वतःचा मीटर नाही, त्याच्यापुढे कोणती मोटार घ्यावी हा प्रश्न दुसरा. मोटार लावावी कोठे हा पहिला. पावसाळ्यातील वादळी दिवसांत वीज जाते, म्हणून त्या काळात बॅटरी निम्म्याखाली उतरू न देणे शहाणपणाचे ठरते.

‘बॅटरी उतरणे’ आणि ‘बॅटरी जाणे’ या दोन प्रयोगांतही भेद केला पाहिजे. पहिला प्रयोग रोजचा आहे. दुसरा विजेरीच्या व इन्व्हर्टरच्या अनुभवातून आलेला. त्यात वस्तू एकदम निकामी होण्याची कल्पना आहे. मोटारीची बॅटरी सहसा अशी एकाएकी जात नाही; तिची धारणाशक्ती वर्षांगणिक थोडी थोडी घटते. अनेक कंपन्या बॅटरीसाठी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी देतात. मूळ क्षमतेच्या किती टक्क्यांखाली गेल्यास ही हमी लागू होते, हे कलम वाचून पाहिले पाहिजे. ‘हमी आहे’ या दोन शब्दांवर समाधान मानणे उचित नव्हे.

राहिला खर्चाचा विचार. हिशेबापुरता विजेचा दर युनिटला १० रुपये धरला, तर किलोमीटरमागे दीड रुपयाच्या आसपास खर्च येतो. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि ‘ॲव्हरेज’ १५ किलोमीटर धरल्यास तोच खर्च ७ रुपये होतो. वर्षाला ९,००० किलोमीटर प्रवास करणाऱ्या कुटुंबाची बचत यावरून ५०,००० रुपयांच्या जवळपास जाते. विजेची मोटार ३ लाख रुपयांनी महाग पडत असेल, तर हा जादा पैसा सुमारे सहा वर्षांत वसूल होतो. वर्षाकाठी ३,००० किलोमीटरच फिरणाऱ्या घरास त्यासाठी अठरा वर्षे लागतील. ‘विजेची गाडी स्वस्त पडते’ हे विधान म्हणून अपुरे आहे. त्यातील ‘पडते’ या क्रियापदाला वापराचे परिमाण जोडल्यावाचून ते खरेही नसते आणि खोटेही नसते.

आता कल्पिलेल्या कुटुंबाकडे परत यावे. त्याला विचारावयाचे प्रश्न साध्या मराठीत मांडता येतात : रोज किती जावयाचे? त्याला किती युनिटे लागतात? ती आपल्या दाराशी, आपल्या मीटरवर भरता येतात का? लांबचा प्रवास किती वेळा, आणि वाटेत भरण्याची एक जागा बंद निघाली तर दुसरी कोणती? हमी नेमकी कशाची? दाराशी जागा असेल, तर या घरची रोजची गरज ३० युनिटांची मोटार सहज भागवील. परळच्या प्रवासासाठी तासाभराचा थांबा आधी ठरवावा, अथवा त्या दिवशी आईला बोईसरहून रेल्वेने न्यावे. आईची प्रकृती पाहता यांपैकी एकही गोष्ट जमत नसेल, तर मोठ्या बॅटरीचा जादा खर्च सोसावा किंवा पेट्रोलची मोटार घ्यावी. तोही निर्णय तितकाच विचारपूर्वक म्हणता येईल.

भाषेच्या दृष्टीने यात चिंता करण्यासारखे काही नाही. ‘मोटार’ हाच शब्द पाहावा. मराठीत विहिरीवरच्या विजेच्या पंपाला मोटार म्हणतात आणि रस्त्यावरच्या पेट्रोलच्या वाहनालाही मोटारच म्हणतात. शतकभर वेगळे राहिलेले हे दोन अर्थ विद्युत् मोटारीत प्रथमच एका ठिकाणी आले आहेत. शब्द टिकतात आणि त्यांचे अर्थ सरकत राहतात, हा भाषेचा नेहमीचाच व्यवहार आहे. ‘गाडी किती देते?’ हा प्रश्नही पुढे चालूच राहील. विचारणाऱ्याने त्याला ‘कशामागे?’ आणि ‘कोणत्या रस्त्यावर?’ हे दोन उपप्रश्न जोडले, म्हणजे त्याचे उत्तर त्या घराच्या उपयोगी पडेल.