एक पास्ता, दोन पातेली

मे महिन्यात खरड छाटणी उरकली आणि आई-नाना पहिल्यांदाच सिंगापूरला आले. मला इथे येऊन नऊ वर्षं झाली, पण दरवर्षी काही ना काही आडवं यायचं. कधी गारपीट, कधी मजुरांची टंचाई, कधी नुसतंच "बाग सोडून कसं यायचं गं?" या वेळी मात्र बाग काकांवर सोपवून दोघं महिनाभरासाठी आले. निफाड तालुक्यातल्या मळ्यातून थेट क्लेमेंटीतल्या आमच्या बाराव्या मजल्यावरच्या एचडीबी फ्लॅटमध्ये!

ते येण्याच्या आदल्या रात्री नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या रॅकवरच्या दोन वाईनच्या बाटल्या उचलल्या आणि स्टोअररूममध्ये तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिल्या. मी त्याला सांगितलं नव्हतं, त्यानेही मला विचारलं नाही. परदेशातल्या बऱ्याच मराठी घरांत आई-वडील येण्याआधी ही एक आवराआवर होत असणार. आमच्याकडे तर आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पंढरीची वारी. नाना माळकरी नाहीत, पण आईच्या घरात बाटली कधी आली नाही.

पहिला आठवडा मजेत गेला. टेक्का मार्केटमध्ये कढीपत्ता, गवार, शेवग्याच्या शेंगा बघून आई हरखली. मुस्तफामध्ये नानांनी द्राक्षांची पेटी उलटीपालटी करून मणी दाबून पाहिले आणि भाव वाचून गप्प झाले. लिटल इंडियात दारूबंदीची पाटी दिसली, तेव्हा नानांनी विचारलं, "इथे दारू बंद आहे काय?" मी सांगितलं, बंद नाही, पण २०१५ पासून रात्री साडेदहा ते सकाळी सात दुकानात दारू विकत मिळत नाही आणि त्या वेळात सार्वजनिक जागी पिताही येत नाही. लिटल इंडियात नियम आणखी कडक आहेत. "बरंय," आई म्हणाली. मला तांदळाच्या डब्यामागची आवराआवर आठवली.

शनिवार आला आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकाने जाहीर केलं, "आजी, आज पास्ता नाईट! मम्माचा रेड पास्ता!"

आमचा हा शनिवारचा पास्ता अगदी सोपा आहे. चार-पाच माणसांना ४०० ग्रॅम पेने. मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी उकळून त्यात दोन मोठे चमचे मीठ घालायचं. दुसऱ्या पातेल्यात ऑलिव्ह तेलावर एक कांदा आणि सहा-सात लसणाच्या पाकळ्या मंद परतायच्या. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, कडवट होतो. मग अर्धा कप रेड वाईन ओतायची, ती आटून निम्मी झाली की सोललेल्या टोमॅटोचे दोन डबे, मीठ, चिमूटभर साखर. वीस मिनिटं रटरटू द्यायचं. पास्ता पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधीच काढायचा आणि थेट सॉसमध्ये घालायचा. सोबत त्याच्याच पाण्याची एक वाटी. भाताच्या पेजेसारखं ते पाणी असतं, पिठूळ, त्याने सॉस पास्त्याला धरून राहतो. वरून बेसिलची पानं आणि चीज.

वाईन घातल्याने काय होतं? टोमॅटो आणि लसणाच्या वासाचे काही अंश पाण्यात उतरत नाहीत, ते अल्कोहोलमध्ये उतरतात. शिवाय आंबटपणा येतो आणि सॉसला थोडा तुरट दाटपणा मिळतो. पूर्वी मी सगळ्यांना ठामपणे सांगायचे, "शिजवल्यावर अल्कोहोल उडून जातं." नंतर अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता वाचनात आला. पंधरा मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के उरतं, अर्ध्या तासाने ३५, आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के! तेव्हापासून लेकाचा सॉस मी वेगळ्या छोट्या पातेल्यात करते. वाईनऐवजी भाजीचा स्टॉक आणि दोन थेंब लिंबू.

म्हणजे आईला त्या छोट्या पातेल्यातलं वाढायचं, हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता, दुसऱ्या पातेल्याचं काय सांगायचं? नवरा हळूच म्हणाला, "आज सगळ्यांनाच बिनवाईनचा कर ना. विषय संपला." खरं तर विषय तिथेच संपला असता. पण महिनाभर आपल्याच घरात चोरासारखं वावरायचं मला नको वाटत होतं. शिवाय आई फोनवर तासभर बोलते, तिला माझ्या ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीच्या सासूची दुखणीसुद्धा ठाऊक आहेत, आणि माझ्या स्वयंपाकघरात काय आहे तेवढं ठाऊक नसावं?

मी बाटली बाहेर आणून ओट्यावर ठेवली. आई बेसिलची पानं खुडत बसली होती. वास घेऊन म्हणाली, "अगं, हा तर आपला सब्जा!" बरोबरच होतं तिचं. सब्जाचं बी ज्याचं, तेच हे झाड, तुळशीच्याच कुळातलं. मग तिची नजर बाटलीवर गेली. "व्हिनेगर आहे" एवढं जिभेवर आलं होतं.

"वाईन आहे, आई. आमच्या सॉसमध्ये घालते. आणि शनिवारी आम्ही दोघं एकेक ग्लास घेतोही. तुझा सॉस त्या वेगळ्या पातेल्यात आहे, त्यात काही नाही."

आई गप्प. शेवटी म्हणाली, "डाव वेगळा ठेव. एकाचा दुसऱ्यात बुडवू नकोस." मग चीजच्या पुड्याकडे बोट दाखवून विचारलं, "नि ह्यात काय असतं?" आता मी खरंच सांगायचं ठरवलं होतं. अस्सल पार्मेजान वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने विरजतात, म्हणून ते मी आणलं नव्हतं. वनस्पतीजन्य रेनेटचं, पाकिटावर शाकाहारी लिहिलेलं चीज आणलं होतं. आई म्हणाली, "एवढं बघितलंस होय!" आणि पुन्हा पानं खुडायला लागली.

बोलले नाहीत ते नाना. त्यांनी चष्मा लावून बाटली हातात घेतली. नवऱ्याने भारतातून येताना आणलेली ती शिराझ होती. इथे वाईनवर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ८८ डॉलर शुल्क आहे, म्हणजे साध्या बाटलीवर आठेक डॉलर, वर नऊ टक्के जीएसटी. प्रवासाहून येताना मात्र ठरावीक अटींत दोन लिटरपर्यंत आणता येते. नाना लेबलवरचं एकेक अक्षर लावत होते. "नाशिक," ते म्हणाले. "शिराझ."

घरात हा शब्द पंधरा वर्षांनी उच्चारला गेला होता.

सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं. आमच्या भागात जो तो वायनरीशी करार करत होता. नानांनीही थॉमसन काढून दोन एकर शिराझ लावली. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते वायनरीनेच घ्यायचं, खायच्या बाजारात त्याला कोणी विचारत नाही. २००८ च्या मंदीनंतर माल पडून राहू लागला. आमच्या वायनरीने एक वर्ष पैसे थकवले, दुसऱ्या वर्षी माल उचललाच नाही. घड वेलीवरच मनुके झाले. २०१० मध्ये नानांनी बाग तोडली. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. फी आईच्या पाटल्यांवर भरली गेली, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. त्या खोडांचं जळण मळ्यातल्या चुलीला दोन वर्षं पुरलं.

"नाना, तुम्ही कधी चाखली होती?" नवऱ्याने विचारलं.

"नाही हो जावईबापू. कंपनीचा माणूस यायचा, रसाचा थेंब त्या मीटरवर टाकायचा, ब्रिक्स बघायचा. आमचं काम तिथे संपलं."

नानांनी आईकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. आई पदराला हात पुसत म्हणाली, "माझी माळ मला. तुम्ही पिकवताना चाललं, तर चाखायला काय होतंय?"

नवऱ्याने ग्लासात दोन बोटं वाईन ओतली. नानांनी एक घोट तोंडात बराच वेळ धरला. "तुरट आहे," ते म्हणाले. "दाणा अस्साच होता. चावला की जीभ ओढायची." आणखी एक घोट घेतला, ग्लास बाजूला सरकवला आणि पास्त्याची ताटली पुढे ओढली. बागेचा विषय त्यांनी त्या रात्री पुन्हा काढला नाही. पण जेवले भरपूर. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मागून घेतलं.

आईने पेने बोटात धरून निरखली. "हे रव्याचंच ना? मग ह्यात नवल काय? लग्नाला आपण गव्हले, नखुल्या, मालत्या करत नाही का?" दुरम गहू म्हणजे आपल्या बन्सीचाच प्रकार, आणि इटालियन लोक तांदळाएवढ्या पास्त्याला ऑर्झो, म्हणजे जव, म्हणतात, हे मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने दुधात रवा भिजवला आणि नातवाला गव्हले वळायला बसवलं. त्याचे गव्हले शेंगदाण्याएवढे झाले, पण त्याचीही खीर झाली.

दोघं परत गेले त्याला आता तीन महिने झाले. बाटल्या पुन्हा रॅकवर आहेत. परवा फोनवर आई सांगत होती, भजनी मंडळातल्या एका बाईने तिला विचारलं, "तुमच्या लेकीकडे तिकडे पितात म्हणे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, शनिवारी घेतात थोडी. आणि माझं पातेलं वेगळं असतं." मग तिने विचारलं, "तो सब्जा कुंडीत लावलास का?"